साठ हजार युनिटची पुडी आणि बॉस्टनचा डॉक्टर

तुमच्या ग्रुपमध्ये हा प्रकार एकदा तरी झाला असणार. अंग दुखतंय, सारखी झोप येतेय, म्हणून दोघांनी एकाच वेळी रक्त तपासलं. दोघांचंही व्हिटॅमिन डी तळाला. डॉक्टरांनी दोघांना तीच साठ हजार युनिटची पुडी लिहून दिली, आठवड्याला एक, दुधातून. दोन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट काढला तर एकाचा आकडा टुणकन वर, आणि दुसऱ्याचा जिथे होता तिथून जेमतेम दोन पावलं पुढे. मग ज्याचा आकडा हलला नाही त्याला सगळे मिळून धरतात. पुड्या विसरला असेल, दिवसभर खोलीत पडून असतो, बाहेरचं खातो, काय वाट्टेल ते.

पण समजा, तो एकही पुडी विसरला नसेल तर?

ही शंका जितकी साधी वाटते तितकी ती साधी नव्हती. शंभरेक वर्षांपूर्वी औषध लागू पडलं नाही की दोनच शक्यता धरल्या जायच्या. एक तर औषध खोटं, नाहीतर पेशंट खोटा. औषधही खरं आणि पेशंटही खरा, तरी त्या शरीराला त्या औषधाची हाक ऐकूच येत नाही, ही तिसरी शक्यता ज्याने जिद्दीने मांडली त्या माणसाची ही गोष्ट. मेडिकलला असाल तर त्याचं आडनाव तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलंय, दोन-तीन वेगवेगळ्या आजारांना ते चिकटलेलं आहे. बाकीच्यांनी आज ऐकून ठेवा: फुलर अल्ब्राइट.

फुलरचा जन्म १२ जानेवारी १९०० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला. घर बक्कळ श्रीमंत. वडील जॉन अल्ब्राइट हे कोळसा, पोलाद आणि नायगाऱ्याच्या विजेच्या धंद्यातलं मोठं प्रस्थ. बफेलोतलं प्रसिद्ध कलासंग्रहालय त्यांच्याच पैशांतून उभं राहिलं. अशा घरातल्या पोराने वडिलांच्या गादीवर बसायचं सोडून हॉस्पिटलच्या बेसमेंटपासून वॉर्डापर्यंत लघवीच्या बाटल्यांचा हिशोब ठेवत आयुष्य काढावं, हे तेव्हाही लोकांना विचित्र वाटलं असेल. हार्वर्डला कॉलेज केलं, तिथूनच १९२४ मध्ये डॉक्टर झाले आणि बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. मधली थोडी वर्षं सोडली तर ते तिथलेच राहिले. अगदी शेवटपर्यंत. तो शेवट पुढे सांगतो.

लघवीच्या बाटल्या म्हटलं ते गमतीने नाही. त्या हॉस्पिटलमध्ये १९२५ साली एक छोटा वॉर्ड सुरू झाला होता, चार नंबरचा. तिथे पेशंटला दाखल करायचं ते बरं करण्यासाठी तर होतंच, पण त्याआधी त्याला मोजण्यासाठी. ताटात पडणारा प्रत्येक घास वजन करून द्यायचा. शरीरातून बाहेर पडणारं सगळं, हो सगळंच, गोळा करायचं आणि त्यातलं कॅल्शियम, फॉस्फरस मोजायचं. आत किती गेलं, बाहेर किती आलं, उरलं ते कुठे गेलं? महिन्याच्या शेवटी तुम्ही मेसचं बिल, रिचार्ज आणि चहाची उधारी घेऊन बसता ना, अगदी तसंच. फक्त इथे पैशांऐवजी हाडांतला चुना होता.

या वॉर्डात तेव्हा जहाजावरचा एक कप्तान यायचा. धिप्पाड गडी, पण त्याच्या हाडांतलं कॅल्शियम पाझरून जात होतं आणि काही वर्षांत तो सात इंचांनी बुटका झाला होता. कारण होतं गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड नावाच्या इवल्याशा ग्रंथींपैकी एक. ती वेड्यासारखं हार्मोन सोडत होती, आणि सापडत मात्र नव्हती. एकामागून एक ऑपरेशनं झाली. अखेर १९३२ मध्ये ती गळ्यात नाही तर छातीत दडलेली मिळाली, पण तोवर उशीर झाला होता आणि कप्तान वाचला नाही. तरुण अल्ब्राइट त्याच्यावर काम करणाऱ्या टीममध्ये होते. हार्मोन जास्त झालं की काय होतं, हे त्यांनी या माणसाच्या हाडांवरून शिकून घेतलं.

त्याआधी १९२८-२९ चं एक वर्ष ते व्हिएन्नाला राहून आले होते, याकोब एर्डहाइम नावाच्या पॅथॉलॉजिस्टकडे. हाडं बिघडली की पॅराथायरॉइड ग्रंथी फुगतात, म्हणजे ग्रंथींचं फुगणं हे काही वेळा आजाराचं कारण नसून आजाराला शरीराने दिलेलं उत्तर असतं, हे एर्डहाइमने दाखवलं होतं. कारण आणि उत्तर यांची गल्लत करायची नाही, ही सवय अल्ब्राइटना तिथे लागली असावी.

आता त्या काळातलं व्हिटॅमिन डी. मुडदूस हा शब्द आजीकडून ऐकला असेल तुम्ही. लहान मुलांची हाडं मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या धुराने काळवंडलेल्या शहरांत हा आजार घरोघरी होता. मग कॉड माशाच्या यकृताच्या तेलात काहीतरी आहे हे कळलं, उन्हाने तेच काम होतं हे कळलं, अन्नावर अतिनील किरण सोडून त्यात ते तयार करता येतं हे १९२४ च्या सुमारास कळलं. १९२८ साली आडोल्फ विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला या कुटुंबातल्या पदार्थांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. तिसाव्या दशकात अमेरिकेत दुधातच व्हिटॅमिन डी मिसळून विकायला लागले. मुडदूस संपला! डॉक्टर मंडळींनी विषय बंद केला होता.

आणि अशा वेळी अल्ब्राइटच्या वॉर्डात एक मुलगा आला. तान्हेपणापासून मुडदूस. नेहमीचं औषध देऊन झालं होतं, पुन्हा देऊन झालं होतं, हाडं तशीच मऊ. सोपं काय होतं? आईला झापायचं, तेल नीट पाजत नसाल म्हणायचं आणि घरी पाठवायचं. अल्ब्राइटनी त्याला मोजायला घेतलं. साध्या मुडदुसाला दिवसाला काही हजार युनिटं पुष्कळ झाली, इथे ते मात्रा वाढवत वाढवत लाखांच्या घरात घेऊन गेले. रोजची लाखांत! तेव्हा कुठे हाडांनी दाद दिली. १९३७ मध्ये अ‍ॅलन बटलर आणि एस्थर ब्लूमबर्ग यांच्यासोबत त्यांनी हे छापलं. शीर्षकातच सांगून टाकलं होतं की हा व्हिटॅमिन डीला न जुमानणारा मुडदूस आहे.

यातली धोक्याची बाजूही बघा. व्हिटॅमिन डी पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या सुरू होतात, किडनीत चुना साचतो. लाखांच्या मात्रेवर असलेल्या मुलाला हाडं जोडणारा डोस आणि किडनी घालवणारा डोस यांच्यात फारसं अंतर नसतं. सारखं मोजत राहणं हाच काय तो आधार. चार नंबरच्या वॉर्डात ते शक्य होतं. हॉस्टेलच्या खोलीत नाही. रील बघून एका पुडीच्या दोन करणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचला तरी चालेल.

खरं सांगायचं तर या मुलाच्या बाबतीत अल्ब्राइट अर्धेच बरोबर होते. त्यांना वाटलं, आतडी व्हिटॅमिन डीचं ऐकत नाहीत, म्हणून कॅल्शियम आत येत नाही, म्हणून पॅराथायरॉइड चेकाळतात आणि फॉस्फेट लघवीतून वाहून जातं. साखळी सुंदर होती, पण टोक चुकलं. आज आपल्याला माहीत आहे की अशा बहुतेक मुलांत गळती किडनीपासूनच सुरू होते आणि तिला हुकूम सोडणारं हाडच असतं. एक्स गुणसूत्रावरच्या फेक्स नावाच्या जनुकात बिघाड असतो, हा शोध १९९५ चा. त्यामुळे हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन भरमसाट सोडतात, हे २००० नंतर उलगडत गेलं. हे हार्मोन किडनीला सांगतं की फॉस्फेट टाकून दे, आणि वर व्हिटॅमिन डी जागं करायचं कामही थांबव. म्हणजे एकीकडे नळ उघडा आणि दुसरीकडे मोटर बंद. २०१८ मध्ये या हार्मोनलाच पकडून ठेवणारं इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं. अल्ब्राइटच्या लाखो युनिटांपेक्षा ते कितीतरी नेमकं आहे. महाग आहे, तो विषय वेगळा.

पण पेशंट खोटं बोलत नाही, त्याचं शरीर वेगळं आहे, ही गोष्ट त्यांनी धरली ती धरलीच. पाच वर्षांनी, १९४२ मध्ये, ती आणखी स्वच्छ करून मांडली. काही पेशंट असे होते की त्यांना पॅराथायरॉइडचं हार्मोन कमी असल्याची सगळी लक्षणं. रक्तात कॅल्शियम कमी, हातापायांना पेटके. मग हार्मोनचं इंजेक्शन दिलं की प्रश्न सुटायला हवा. दिलं. लघवीतलं फॉस्फेट वाढायला हवं होतं, ते ढिम्म. म्हणजे हार्मोन नाही असं नाहीच. दारावरची बेल वाजतेय, आतलं माणूस बहिरं आहे. एखादा हार्मोन असूनही शरीरातला अवयव त्याला दाद देत नाही, ही कल्पना वैद्यकात इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा आली ती इथे. तुमच्या घरात कुणाला टाइप टू डायबेटिस असेल आणि डॉक्टरांनी इन्सुलिन रेझिस्टन्स हा शब्द वापरला असेल, तर तो याच विचाराच्या खानदानातला.

या आजाराला अल्ब्राइटनी नाव काय द्यावं? कोंबड्याचं! सेब्राइट बँटम नावाची एक ठेंगणी इंग्लिश जात आहे, तिच्यातल्या कोंबड्याला पिसं कोंबडीसारखी येतात. नर हार्मोन असूनही पिसांना त्याचं काही नाही, म्हणून हे उदाहरण. गंमत म्हणजे त्यांनी जातीचं स्पेलिंग चुकवलं, आणि कितीतरी वर्षांनी असं निघालं की त्या कोंबड्याची पिसं बहिरी नव्हतीच, त्याच्या कातडीत नर हार्मोनचं रूपांतर मादी हार्मोनमध्ये जोरात होत होतं. उदाहरण चुकीचं, निष्कर्ष बरोबर. सायन्समध्ये असंही होतं.

हे सगळं चालू असताना अल्ब्राइट स्वतः आजारी होते, हे मी मुद्दाम आत्तापर्यंत सांगितलं नाही. पस्तिशीच्या आसपास त्यांचा हात थरथरू लागला. कंपवात, पार्किन्सन्स. १९३३ मध्ये क्लेअर बर्ज यांच्याशी लग्न झालं होतं, पुढे दोन मुलगे झाले. म्हणजे संसार नुकता लागलेला आणि करिअर ऐन भरात. त्यावर तेव्हा धड औषध नव्हतं. लेव्होडोपा यायला अजून तीस वर्षं होती. अक्षर गेलं, बोलणं अस्पष्ट होत गेलं, चालणं अवघड झालं. व्हिटॅमिन डी वरचा तो पेपर आणि कोंबड्याचा तो पेपर, दोन्ही या हातांच्या काळातले आहेत. हाताखालची तरुण मंडळी त्यांच्यासाठी लिहायची. आणि ते या पोरांसाठी काय करायचे? १९४२ मध्येच आणखी एक आजार पहिल्यांदा नीट वर्णन केला गेला. त्या कामात हॅरी क्लाइनफेल्टर नावाचा शिकाऊ डॉक्टर होता. पेपरवर पहिलं नाव अल्ब्राइटनी त्याचं टाकू दिलं, स्वतःचं शेवटी ठेवलं. आज तो आजार जगभर क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. प्रोजेक्टवर कुणाचं नाव आधी यावं यावरून तुमच्याकडे जी भांडणं होतात ती आठवा.

१९४४ मध्ये संशोधक डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी भाषण केलं, त्यात संशोधन करू बघणाऱ्या तरुणाने काय करावं आणि काय करू नये याची यादीच दिली, सोबत एक कार्टून. यशाच्या किल्ल्याकडे चढत जाणारी वाट आणि वाटेत पाय घसरायच्या जागा. त्यातला एक आग्रह असा की काहीतरी मोजा, नुसत्या मतांवर बसू नका.

आता मोजूनच बघू, तुमच्या मित्राचा आकडा का हलला नाही. त्याला फेक्सचा आजार असण्याची शक्यता नगण्य आहे, तो दुर्मिळ आहे. पण पुडीतलं व्हिटॅमिन डी जिथे जायचंय तिथे पोचेपर्यंत जेवढी स्टेशनं लागतात, त्यातल्या प्रत्येकावर माणसामाणसांत फरक आहे. पहिलं आतडं. तिथे ते चरबीसोबत शोषलं जातं, म्हणून उपाशीपोटी पाण्यातून घेतलेली पुडी आणि जेवणानंतर दुधातून घेतलेली पुडी एकच नाही. सीलिअ‍ॅकसारखा आतड्याचा आजार असेल तर बरंचसं तिथेच अडू शकतं. नंतर यकृत. तिथे सीवायपी-२आर१ नावाचं एन्झाइम त्याला पहिला शिक्का मारतं, आणि रिपोर्टमध्ये दिसतो तो या शिक्क्याच्या रूपाचा आकडा. हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाची आवृत्ती सगळ्यांची सारखी नसते. रक्तातून त्याला वाहून नेणारं एक प्रोटीन आहे, त्याच्याही आवृत्त्या वेगवेगळ्या. २०१० मध्ये हजारो लोकांच्या जनुकांची तुलना करणारा जो मोठा अभ्यास झाला, त्यात या दोन्ही जागा ठळकपणे पुढे आल्या.

शरीराचं वजन हा तर फारच उघड मुद्दा. व्हायटल नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पंचवीस हजारांहून जास्त लोक होते, आणि ती चालवली गेली बॉस्टनमधूनच, अल्ब्राइटच्या गावातून. रोज २,००० युनिटांची तीच गोळी घेऊन ज्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त होतं त्यांच्या रक्तातला आकडा कमी वाढला. चरबीत विरघळणारी गोष्ट, शरीर मोठं असेल तर ती पसरते, मुरते. याचा अर्थ जाड माणसाने बेफिकिरी केली असा नाही. त्याला तोच डोस कमी पडतो, एवढंच.

सुरुवात कुठून झाली यावरही असतं. ज्याचा आकडा मुळात फार खाली होता त्याचा झपकन चढतो, ज्याचा बरा होता त्याचा रेंगाळतो. आणि औषधं! फिट येऊ नये म्हणून घ्यायची फेनिटॉइनसारखी गोळी किंवा टीबीवरचं रिफाम्पिसिन चालू असेल, तर यकृतातली एन्झाइमं तापलेल्या भट्टीसारखी चालतात आणि व्हिटॅमिन डी जाळून टाकतात. मित्राला रागवायच्या आधी हे एकदा विचारा. शेवटचं स्टेशन किडनी. तिथे दुसरा शिक्का बसल्यावर ते खऱ्या अर्थाने कामाला लागतं, आणि मग पेशीतल्या रिसेप्टरला जाऊन भेटतं. काही थोड्या घराण्यांमध्ये हा रिसेप्टरच मोडका असतो. ती खरीखुरी बहिरी दारं. अल्ब्राइटनी कल्पना केली होती तशी, फक्त त्यांच्या त्या मुलात नाही, दुसऱ्याच मुलांत सापडली.

उलट टोकही असतं. सार्कोइडोसिस नावाच्या आजारात काहींना थोडंसं ऊन, थोडंसं व्हिटॅमिन डी भोवतं, कॅल्शियम चढतं. १९५६ मध्ये अल्ब्राइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे पेशंट व्हिटॅमिन डीची विषबाधा झालेल्या माणसासारखे वागतात, डोस मात्र नेहमीचाच असतो. एक शरीर लाखांना दाद देत नाही, दुसरं चिमूटभराने आजारी पडतं. वीस वर्षांच्या अंतराने दोन्ही टोकं त्याच वॉर्डने पकडली होती.

त्याच वर्षी त्यांनी स्वतःवर एक प्रयोग करायचं ठरवलं. न्यूयॉर्कमध्ये मेंदूच्या आतल्या एका छोट्या भागात अल्कोहोल सोडून कंप थांबवायचं ऑपरेशन नव्याने होऊ लागलं होतं. वय छप्पन्न. दुसऱ्याने लिहिल्याशिवाय एक ओळ उमटत नव्हती, बोललेलं नीट कळत नव्हतं. एका बाजूचं ऑपरेशन झालं, फरक पडला. मग दुसऱ्या बाजूचं केलं. त्यात मेंदूत रक्तस्राव झाला. ज्या माणसाने आयुष्यभर हेच सांगितलं की तोच उपाय दोन शरीरांवर सारखा चालेल असं धरू नका, त्याच्या बाबतीत तोच उपाय त्याच्याच मेंदूच्या दोन बाजूंवर सारखा चालला नाही.

त्यानंतर अल्ब्राइट बोलले नाहीत, हलले नाहीत. त्यांना मॅसेच्युसेट्स जनरलमध्येच आणून ठेवलं, जिथे त्यांनी माणसं मोजली त्याच इमारतींमध्ये. एक-दोन नव्हे, तेरा वर्षं. त्यांनी शिकवलेली मुलं देशभर प्रोफेसर झाली. १९६८ मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत हेक्टर डेलुका यांच्या टीमने डुकराच्या रक्तातून व्हिटॅमिन डीचं ते यकृतातलं, पहिला शिक्का बसलेलं रूप वेगळं काढलं. आज तुमच्या रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी असं लिहिलेलं असतं ते हेच. डोस घेतला की आत नक्की काय होतं हे मोजायची सोय त्यातून झाली. अल्ब्राइट तेव्हा जिवंत होते, पण त्यांना हे सांगून उपयोग नव्हता. ८ डिसेंबर १९६९ ला ते गेले. किडनीतला दुसरा शिक्का सापडला त्यानंतर दीडेक वर्षाने, १९७१ मध्ये, तोही जवळपास एकाच वेळी तीन प्रयोगशाळांत.